ओल्या कचऱ्याचे पुढे काय होते आणि घरातून काय करता येते

दर वर्षी ५ जूनच्या आसपास शाळाशाळांतून पर्यावरणाच्या प्रतिज्ञा म्हटल्या जातात. झाडे लावू, पाणी वाचवू, दिवे विनाकारण चालू ठेवणार नाही, अशा त्या प्रतिज्ञांमध्ये चुकीचे काहीच नसते. मात्र घरी आल्यावर आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातले नेमके किती उरते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पावसाळ्यात समारंभपूर्वक लावलेल्या रोपाला पुढच्या वैशाखात पाणी घालायला कोणी नसते आणि विजेचे बिल किती आले हे मुलांना कळतही नाही. स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली मात्र रोज भरते, रोज रिकामी होते आणि तिच्यात काय पडावे याचा निर्णय घरातले प्रत्येक माणूस, केळे खाऊन साल टाकणारे लहान मूलसुद्धा, दिवसातून अनेकदा घेत असते. कुटुंबाने पर्यावरणासाठी सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर प्रस्तुत लेखक या बादलीकडेच बोट दाखवील.

आपल्या शहरांतील कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग कुजणारा, म्हणजे ओला असतो. चौघांच्या कुटुंबात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा सहज निघतो. मेथीचे आणि कोथिंबिरीचे देठ, मटाराच्या किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफले, चहाचा चोथा, कलिंगडाची साल, देवाची वाळलेली फुले, ताटात उरलेला भात असा हा ऐवज असतो आणि त्यात विषारी असे काहीही नसते. पूर्वी तो गोठ्यात किंवा घरामागच्या उकिरड्यावर जात असे आणि खत होऊन शेतात पोचत असे. मग तोच ऐवज शहराबाहेरच्या कचरा डेपोत गेल्यावर हवामानबदलाला हातभार लावणारा कसा ठरतो? कुजताना त्याला हवा मिळते की नाही, यावर ते ठरते.

हवेत कुजणे आणि हवेविना कुजणे

कुजणे म्हणजे सूक्ष्मजीवांनी अन्न खाणे. हवेतला ऑक्सिजन उपलब्ध असेल, तर त्या अन्नातील कार्बनचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमध्ये होते, सोबत पाणी आणि उष्णता बाहेर पडते आणि जो भाग सहज पचत नाही तो काळसर, भुसभुशीत खताच्या रूपाने मागे राहतो. कचऱ्याचा ढीग मात्र कित्येक मीटर उंच असतो. रोज वरून नवा थर पडतो, बुलडोझर तो दाबतो, मध्ये मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचे पापुद्रे असतात आणि खालच्या थरांतली हवा काही दिवसांतच संपते. तिथे ऑक्सिजनवाचून जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. त्यांतले काही अन्नाचे विघटन करून आम्ले तयार करतात आणि दुसरे काही त्या आम्लांपासून मिथेन हा वायू बनवतात. अशा ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा भाग मिथेनचा असतो.

डेपोजवळून जाताना नाकाला जी दुर्गंधी जाणवते, ती मिथेनची नसते. ती आम्लांची, हायड्रोजन सल्फाइडची आणि तत्सम इतर द्रव्यांची असते. शुद्ध मिथेनला वास नाही. पाइपने घरात येणारा स्वयंपाकाचा गॅस हा मुख्यतः मिथेनच असतो आणि त्याला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. सांगायचे एवढेच की, दुर्गंधी आटोक्यात आली म्हणजे प्रश्न मिटला, असे येथे म्हणता येत नाही.

शंभर वर्षांच्या कालावधीचा हिशेब केला, तर एक किलो मिथेन वातावरणाला एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो; वीस वर्षांचाच हिशेब केला तर हा आकडा ८० च्या आसपास जातो. मिथेन वातावरणात सरासरी बारा वर्षांच्या आसपास टिकतो. म्हणजे त्याचे उत्सर्जन आज कमी केले, तर त्याचा परिणाम आज शाळेत असलेली मुले तरुण होईपर्यंत दिसू शकतो, आणि या कामात मुलांना सहभागी करून घेण्याचे हे एक रास्त कारण आहे.

हा परिणाम एका घरापुरता किती, याचा ठोकताळा मांडता येतो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या गणितपद्धतीतील प्रचलित गुणक धरले, तर एक किलो ओला कचरा खोल ढिगात कुजल्यावर साधारण ४० ते ५० ग्रॅम मिथेन तयार होतो. रोज अर्धा किलो कचरा म्हणजे वर्षाला सुमारे १८० किलो; त्यातून आठ किलोच्या आसपास मिथेन आणि २८ ने गुणल्यावर सव्वादोनशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापाने पाहिले तर चौघांच्या स्वयंपाकघरातील साली-देठांचा वर्षभराचा परिणाम जवळपास शंभर लिटर पेट्रोल जाळण्याइतका होतो. ढिगाची खोली, पाऊस आणि तापमान यांनुसार प्रत्यक्ष आकडा बराच बदलेल, पण तो नगण्य नाही एवढे यातून स्पष्ट व्हावे. सातवी-आठवीतल्या मुलांना हे गणित स्वतः सोडवू द्यावे. घरच्या कचऱ्याचे वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांनीच घ्यावे.

येथे चौकस मूल एक शंका हमखास काढते: खत होतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच, मग फायदा कोणता? शंका योग्य आहे. मेथीच्या देठातला कार्बन त्या रोपाने काही आठवड्यांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत परतला, तर हिशेब बरोबरीत राहतो. कोळसा किंवा पेट्रोल जाळताना कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला कार्बन नव्याने हवेत येतो, म्हणून तो जमेस धरावा लागतो. डेपोत कार्बन नवा नसतो, पण तो मिथेनच्या रूपाने बाहेर पडतो आणि त्यामुळे बरोबरीत राहू शकणारा हिशेब तोट्यात जातो.

ढिगाशेजारी राहणारी माणसे

हा प्रश्न केवळ तापमानाचा नाही. मुंबईत देवनारचा डेपो १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला मोठी आग लागली आणि शहरावर पसरलेला धूर उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगात मिथेन आणि प्लास्टिक, कागद, कापड यांसारखा जळाऊ माल एकत्र असल्यामुळे अशी आग एकदा आत शिरली की वरून पाणी मारून ती सहजासहजी विझत नाही. पुण्याच्या कचऱ्याची झळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसली. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरून विहिरींचे पाणी खराब झाले आणि कचऱ्याच्या गाड्या अडवण्याची आंदोलने तिथल्या ग्रामस्थांना पुन्हा पुन्हा करावी लागली. हे काळे पाणी येते कुठून, याचे उत्तरही ओल्या कचऱ्यातच आहे. भाजीपाल्याच्या कचऱ्यात वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असते. ते ढिगातून उतरताना बॅटऱ्या, रंगांचे डबे, औषधे यांच्यातली द्रव्ये सोबत घेऊन जाते. ओला कचरा वेगळा राहिला असता, तर त्या पाण्यात फार तर झाडांना चालतील असे क्षार उतरले असते.

म्हणजे खरी गफलत दोन्ही कचरे एका बादलीत पडतात त्या क्षणी होते. आमटीत भिजलेला कागद गिरणीत घेतला जात नाही, दह्याने बरबटलेला प्लास्टिकचा डबा भंगारवाला उचलत नाही आणि काचेचे तुकडे मिसळलेल्या भाजीच्या देठांचे खत कोणी शेतात टाकू धजत नाही. एकदा मिसळलेले नंतर निवडायचे, तर कोणाला तरी त्यात हात घालावे लागतात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आणि तिच्यातूनच पुढे उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी हा मुद्दा शहरासमोर सातत्याने मांडला. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्या पुडीवर लाल ठिपका काढावा, हा त्यांच्या मोहिमेतला आग्रह अगदी साधा आहे. तो ठिपका पाहिला की ती पुडी उघडून पाहण्याची वेळ कचरावेचक बाईंवर येत नाही. लाल स्केचपेन तर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात असतोच.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच कचऱ्याचे तीन भाग करणे नागरिकांवर बंधनकारक केले: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक कचरा. तिसऱ्या भागात बॅटऱ्या, जुनी औषधे, फुटलेले बल्ब, रंग आणि कीटकनाशकांचे डबे येतात. नियम झाले, तरी कित्येक घरांत आजही एकच बादली दिसते, आणि यात अज्ञानापेक्षा आळसाचा वाटा मोठा आहे, असे म्हणणे भाग आहे.

कुंडीतले खत

घरी खत करणे अवघड नाही, पण त्यामागचे तत्त्व समजून न घेता केले तर आठवड्याभरात वास सुटतो, चिलटे होतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ती कुंडी गच्चीवरून हलवायला लावतात. पुष्कळ कुटुंबांचा प्रयोग येथेच संपतो. तो टिकवायचा, तर तीन गोष्टींचे भान ठेवावे लागते: हवा, ओलावा आणि सुका पाला.

यांतला सुका पाला सर्वांत दुर्लक्षित राहतो. सूक्ष्मजीवांना वाढीसाठी कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात आणि कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस ते तीस पट असेल तेव्हा त्यांचे काम उत्तम चालते. भाजीपाल्यात आणि चहाच्या चोथ्यात नायट्रोजन भरपूर, तर वाळलेली पाने, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या आणि छपाईचा साधा कागद यांत कार्बन भरपूर असतो. नुसता ओला कचरा कुंडीत टाकला, तर जास्तीचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. शिवाय ओला कचरा बसत जातो, त्यातल्या पोकळ्या बुजतात आणि हवा संपते. म्हणजे डेपोत जे घडते तेच लहान प्रमाणावर कुंडीत घडू लागते. सुकी पाने हा नायट्रोजनही आवरतात आणि कचरा पोकळ ठेवून हवेलाही वाट देतात. म्हणून ओला कचरा एक ओंजळ टाकला, तर त्यावर निदान तेवढीच, शक्य झाल्यास दुप्पट, सुकी पाने टाकावीत.

ही पाने विकत आणावी लागत नाहीत. पानगळीच्या दिवसांत सोसायटीच्या आवारात, रस्त्याकडेला आणि शाळेच्या मैदानावर बदाम, पिंपळ, आंबा यांची पाने ढिगांनी पडतात आणि अनेक ठिकाणी ती सकाळी पेटवून दिली जातात. त्या धुराचा त्रास दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांनाच सर्वाधिक होतो. हीच पाने गोण्यांमध्ये भरून ठेवली, तर वर्षभराच्या खताची सोय होते आणि जाळणेही थांबते. सुट्टीच्या दिवशी मुलांनी पोती भरावीत, मोठ्यांनी ती वाहून आणावीत, एवढे हे काम आहे. पाने कोरडीच ठेवावीत. पावसात भिजलेल्या गोणीला बुरशी येते.

भांडे म्हणून मातीचा माठ, जुना रंगाचा डबा किंवा मोठी कुंडी यांपैकी काहीही चालते. फक्त बुडाशी आणि बाजूंनी भोके असावीत आणि वर सैल झाकण असावे. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा किंवा काटक्यांचा तीन-चार बोटे जाड थर द्यावा. त्यावर बारीक चिरलेला ओला कचरा, त्यावर पाने, असे थर रोज द्यावेत. पहिल्या वेळी मूठभर जुने खत, थोडे शेण किंवा आंबट ताक घालावे. दुधाला विरजण लावावे तसेच हे आहे, कारण त्यातून कामाला लागणारे सूक्ष्मजीव आयते मिळतात. दर दोन-तीन दिवसांनी काठीने किंवा खुरप्याने सगळे वरखाली करावे. ओलावा तपासायला मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबावे. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओलावा बेताचा, धार लागली तर पाने कमी पडली आणि मूठ उघडताच सगळे सुटे झाले तर पाण्याचा हबका मारायला हवा.

बिघाड ओळखण्यासाठी नाकासारखे दुसरे साधन नाही. झोंबणारा वास आला तर पाने वाढवावीत. सडल्यासारखा किंवा नासल्या अंड्यांसारखा वास आला तर हवा कमी पडते आहे. सगळे उकरून मोकळे करावे आणि एक-दोन दिवस नवा कचरा टाकू नये. वास काहीच नाही पण मुंग्या झाल्या आहेत आणि साली जशाच्या तशा आहेत, तर खत कोरडे पडले आहे. चिलटे आली तर ताजा कचरा उघडा राहतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक वेळी वरचा थर पानांचाच असावा. कधी कधी करड्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या मोठ्या अळ्या दिसतात आणि घरात आरडाओरडा होतो. त्या बहुधा एका काळ्या माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. किळस वाटली तर पाने वाढवून मिश्रण थोडे कोरडे करावे, म्हणजे त्या कमी होतात. त्यांच्यावर कीटकनाशक मात्र मारू नये, कारण मग ते खत भाजीला घालता येत नाही.

काय टाकू नये, याची यादी लहान आहे. मांस, मासळी, हाडे आणि तेलकट रस्सा यांमुळे उंदीर आणि घुशी येतात, म्हणून लहान कुंडीत ते नकोच. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय कुजायला फार काळ लागतो. आंब्याच्या मोसमात टाकलेल्या कोयीला कुंडीतच कोंब फुटलेला दिसतो आणि मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. लिंबू-संत्र्यांच्या साली थोड्या चालतात, ढीगभर नकोत. अंड्यांची कवचे चुरून टाकावीत. सफरचंदावर आणि किवीवर चिकटवलेले ते छोटे गोल स्टिकर मात्र हमखास नजरेतून सुटतात. ते प्लास्टिकचे असतात आणि खत चाळताना जसेच्या तसे, चकचकीत रंगांसह सापडतात. हारातला दोरा आणि जरीची चमकी यांचेही तसेच. स्टिकर काढणे आणि हार सोडवून फुले वेगळी करणे, ही कामे बारीक बोटांनाच चांगली जमतात, तेव्हा ती मुलांकडे द्यावीत.

भांडे भरले की ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करावे. भरलेल्या भांड्यातले मिश्रण अधूनमधून हलवत राहिले, तर साधारण दीड-दोन महिन्यांत खत तयार होते आणि मूळ कचऱ्याच्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके भरते. तयार खताला ओल्या मातीचा वास येतो, आणि तो केवळ भास नसतो: पहिल्या पावसानंतर मातीला जो सुवास सुटतो, त्याच्यामागे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते आणि ते तयार करणारे सूक्ष्मजीव मातीत असतात तसेच खतातही असतात. हे खत चाळून एक भाग घ्यावे आणि त्यात तीन-चार भाग माती मिसळावी. नुसत्या खतात रोप लावले तर मुळांना ते सोसत नाही.

कुंडी हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. कोरडे, धुळीसारखे झालेले खत उकरताना त्यातली बुरशी उडते, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्या मुलांना ते काम देऊ नये.

थोड्या मोठ्या मुलांना हवेविना कुजण्याचा प्रयोगही दाखवता येतो. एका प्लास्टिकच्या बाटलीत भाजीच्या साली आणि पाणी भरून तोंडावर फुगा ताणून बसवावा आणि बाटली खिडकीबाहेर सावलीत ठेवावी. काही दिवसांत फुगा फुगू लागतो. सुरुवातीला त्यात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो; मिथेन तयार करणारे जीव संथपणे वाढतात, त्यांना आठवडे लागतात. बाटलीला घट्ट झाकण कधीही लावू नये आणि फुगा काढताना जवळपास ज्योत नसावी.

जागाच नसेल तर

एका खोलीच्या घरात किंवा भाड्याच्या सदनिकेत कुंडी ठेवणे प्रत्येकाला शक्य नसते, आणि अशा कुटुंबांवर अपराधाचे ओझे टाकण्यात अर्थ नाही. त्यांनी ओला कचरा वेगळा दिला, तरी मोठे काम होते, कारण पुढच्या सगळ्या यंत्रणा त्यावरच चालतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ हा बायोगॅस प्रकल्प ओल्या कचऱ्यावर चालतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातील उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्या कामाला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. या संयंत्रांत हवेविनाच कुजवले जाते, म्हणजे मिथेन मुद्दाम तयार केला जातो. फक्त तो बंद टाकीत साठवून शेगडीत जाळला जातो आणि जळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. जो वायू डेपोत उपद्रव करतो, तोच येथे चहा उकळतो. अशा संयंत्रात प्लास्टिकची एक पिशवी गेली तरी नळ तुंबतात. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरणाचा आग्रह धरला, म्हणूनच तिचा कचरा डेपो लोकांनी पाहायला जावे असा झाला.

गणेशोत्सवात आणि लग्नसराईत फुलांचा कचरा एकदम वाढतो. निर्माल्य नदीत सोडण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. पाण्यात कुजताना ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि मासे गुदमरतात. सोसायटीतल्या सगळ्या घरांचे निर्माल्य एकत्र करून एका मोठ्या पिंपात खत केले आणि ते त्याच आवारातल्या जास्वंदीला घातले, तर त्यात पावित्र्यभंग होतो असे म्हणणारे आजी-आजोबा सहसा सापडत नाहीत.

बादलीपर्यंत पोचूच नये असे

साली आणि देठ टळत नाहीत, पण वाया जाणारे शिजलेले अन्न टळू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातील अंदाजानुसार भारतातील घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. एक वाटी भात फेकला की त्यासोबत त्याचे पाणी, खत, डिझेल आणि शिजवायला लागलेला गॅस हे सगळेच फेकले जाते, आणि खत करून त्यातले फार थोडे परत मिळते.

या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराला कोणाकडून शिकण्याची गरज नाही. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, भाताचा फोडणीचा भात, उरलेल्या आमटीत पीठ भिजवून थालीपीठ, दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांचे वाटण, हे सगळे काटकसरीतून आले आणि चवीमुळे टिकले. अलीकडे शिळे खाणे कमीपणाचे मानले जाऊ लागले आहे, हे खेदाने नोंदवावेसे वाटते. उरलेला भात मात्र तासन्‌तास ओट्यावर राहू न देता गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा, अन्यथा पोट बिघडण्याची भीती असते. मुलांना आपल्या हाताने वाढून घेऊ द्यावे आणि पहिल्यांदा कमीच घ्यायला सांगावे. पानात टाकायचे नाही, हा जुना दंडक दटावून पाळायला लावण्यापेक्षा वाढून घेण्याचा निर्णयच त्यांच्याकडे दिला, तर तो अधिक पाळला जातो.

सुक्या कचऱ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, काटे, ताटल्या यांसारख्या वस्तूंवर बंदी आहे. तरीही मंडईत पातळ पिशवी मिळते, कारण ती मागणारे आपणच असतो. कापडी पिशवी दाराच्या खुंटीला टांगलेली असावी आणि बाहेर निघताना तिची आठवण करून देण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान सदस्याकडे असावे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये; तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. कोपऱ्याला नुसती चीर द्यावी, पिशवी रिकामी झाल्यावर विसळून वाळवावी आणि रद्दीसोबत द्यावी. स्वच्छ पिशव्यांना भंगारात भाव मिळतो.

हे सगळे वाचून झाल्यावर एक आक्षेप ठरलेला असतो: आम्ही वेगळे देतो, पण घंटागाडीत सगळे एकत्रच टाकतात. पुष्कळ ठिकाणी हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. यावर दोन मार्ग आहेत. पहिला असा की, ज्या घरी कुंडी आहे त्या घरचा ओला कचरा गाडीपर्यंत जातच नाही आणि धुऊन वाळवलेला सुका कचरा थेट कचरावेचकाकडे किंवा भंगारवाल्याकडे जातो, त्यामुळे गाडीत मिसळण्यासारखे फारसे उरत नाही. दुसरा मार्ग सामुदायिक आहे. एकट्या घराच्या तक्रारीपेक्षा संपूर्ण इमारतीने किंवा गल्लीने दिलेले पत्र प्रभाग कार्यालयात अधिक गांभीर्याने घेतले जाते. त्या पत्रात गाडीचा क्रमांक, वेळ आणि दोन्ही कचरे एकाच कप्प्यात पडतानाचे छायाचित्र असावे. छायाचित्र काढताना गाडीवरच्या कर्मचाऱ्यांचे चेहरे त्यात येऊ देऊ नयेत, कारण गाडीला दोन कप्पे देणे हे त्यांच्या हातात नसते. ती जबाबदारी ज्यांनी गाडीचे कंत्राट दिले त्यांची आहे आणि पत्रही त्यांच्याच नावे जायला हवे.